रिकाम्या पाकिटांची पिशवी

सोलापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी लॅब टेक्निशियन आहे. बाजाराच्या दिवशी आमच्या बाकावर बसायला जागा नसते. तशाच एका दिवशी सत्तावीस वर्षांची एक बाई सासूबरोबर आली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'स्मिअर', म्हणजे काचेवर रक्ताचा थर पसरून तपासणी, असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

मी दंडाला पट्टा बांधतेय तोवर सासूबाई सुरू झाल्या. "वरीस झालं गोळ्या देत्यात. ही खातच नसंल. टाकून देत आसंल कुठं."

सून बोलली नाही. तिनं एक कॅरीबॅग काढून टेबलावर उलटी केली. लोहाच्या लाल गोळ्यांची रिकामी पाकिटं, पंचवीस-तीस तरी. पुरावा म्हणून जपलेली.

एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, निघालं 5.4, फारच कमी. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, 116. लोह कमी असलं की हा आकडा 80च्या खाली उतरतो, पेशी बारीक आणि फिकट होतात. इथं उलटंच. लिशमन या रंगानं रंगवलेली स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली लावली तर मोठ्या, लांबट-गोल पेशी, आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाला सहा-सहा खंड. पुस्तकातलं चित्रच. हे बी12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं काम.

मग जुनं रजिस्टर काढलं. तीन महिन्यांपूर्वी तिचा रिपोर्ट मीच दिला होता. एमसीव्ही तेव्हाही त्याच कागदावर छापलेला. मी एचबीखाली लाल पेनानं रेघ मारली होती आणि "ताई, गोळ्या चुकवू नका" असं वर ऐकवलं होतं.

आम्हाला सवयच लागलीय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांचं रक्त कमी निघालं. त्यात लोहाची कमतरता सगळ्यात मोठी, हे खरंच आहे: पाळीत जास्त जाणारं रक्त, पाठोपाठची बाळंतपणं, अनवाणी शेतात फिरून पोटात गेलेले हुकवर्म जंत, जेवणावर लगेच चहा. पण गडचिरोली-नंदुरबारकडची बाई सिकलसेलची, म्हणजे लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराची, असू शकते. आमच्याकडची ही अशी.

डॉक्टरांनी तिला परत बसवून विचारलं. पायाला मुंग्या येतात? "येत्यात की. चप्पल कधी निसटती कळत न्हाई, मागं वळून हुडकावी लागती." जीभ गुळगुळीत, लालभडक. बोटांच्या पेरांवर काळसर छटा, हीही बी12 कमी असल्याचीच खूण. ती मी आधी कामाचा रापलेला हात म्हणून सोडून दिली होती.

खाण्याचं विचारलं. माहेरी अंडी-मटण चालायचं. सासर माळकरी, लग्नानंतर तिनंही माळ घातली. त्यात वाईट काही नाही. माझी आजीही माळकरी होती, पण तिच्या ताटात रोज दूध-दही असायचं. बी12 मिळतं ते मांस, मासे, अंडी आणि दुधातून, भाजी-भाकरीतून नाही.

"घरी दुभतं आहे का?"

"दोन म्हशी हायती."

"मग दूध?"

"डेअरीला. म्हशी कर्जावर घेतल्यात नव्हं." घरात चहा कोरा. पोरांना कपभर दूध, तेवढंच.

नवरा रक्ताच्या बाटल्या कुठं मिळतील विचारत होता. डॉक्टर म्हणाले, ती चालत आलीय, छाती-नाडी ठीक आहे, आधी बी12ची इंजेक्शनं. लाल गोळीत लोहाबरोबर फॉलिक ॲसिड असतं. बी12 न देता नुसतं फॉलिक दिलं तर रक्त थोडं सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांचं नुकसान चालूच राहतं. म्हणून त्यांना घाई होती. इंजेक्शन लालभडक असतं. ती बघून म्हणाली, "रगतच भरताय का सुईनं?"

सातव्या दिवशी ती परत आली. नव्या, कोवळ्या लाल पेशी, ज्यांना आम्ही रेटिक म्हणतो, 12 टक्के. एरवी एक-दोन असतात. मी दोनदा मोजल्या.

रिपोर्ट घेऊन सून उठली. सासूबाई मात्र बसूनच राहिल्या. जरा वेळानं त्यांनी पदर सावरून हात माझ्यापुढं केला. "मॅडम, माजं बी बगा. पाय बधिर पडत्यात, वरीस-दोन वरीस झालं."

त्यांचीही पेरं काळी होती.