ओम्नीचं मागचं बेअरिंग आणि एक लोखंडी कडं

कुंभार्ली घाटात डावं वळण आलं की उजव्या मागच्या चाकातून घरघर यायची आणि उजव्या वळणाला ती विरायची. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो, त्यामुळे बेअरिंग गेलंय हे तिथेच कळलं. राग याचा आला की आठच महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये तेच बेअरिंग बदललं होतं. मग ठरवलं, या वेळी स्वतः उघडायचं.

ओम्नीचा मागचा ॲक्सल सलग. चाक थेट ॲक्सल शाफ्टच्या, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, तोंडावर बसतं आणि तो शाफ्ट जागेवर धरतं ते बेअरिंगच्या मागे घट्ट ठोकलेलं एक कडं. क्राऊनकडून, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरकडून, त्याला काही अडकवण नाही. कडं सुटलं तर चाक शाफ्टसकट बाहेर येईल. हे समजल्यापासून मी त्या कड्याकडे फार आदराने बघतो.

हँडब्रेक सोडायचा असल्यामुळे पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, गाडी स्टँडवर घेतली, गिअर ऑइल काढलं. ब्रेकचा ड्रम गंजून चिकटला होता. त्याला आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यात आठ मिलिमीटरचे बोल्ट आळीपाळीने कसले आणि तो सुटला. आत लायनर, म्हणजे ब्रेकचे घासणारे पट्टे, तेलाने चिंब. ब्रेक पाइप सोडला, ब्लीडरचं (ब्रेकमधली हवा काढायच्या स्क्रूचं) रबरी टोपण पाइपच्या तोंडावर बसवलं, हँडब्रेकची केबल काढली, बॅकप्लेटचे (ड्रममागच्या पत्र्याचे) चार नट काढले. शाफ्ट मात्र हलेना. स्लाइड हॅमर (सरकत्या वजनाने झटका देऊन ओढायचं हत्यार) नव्हता, म्हणून ड्रम उलटा लावला, चाकाचे नट चार-पाच आटेच फिरवले आणि ड्रमला झटके दिले. सातव्या-आठव्या झटक्याला शाफ्ट बॅकप्लेटसकट हातात आला.

कड्याला अर्धा तास लागला. ग्राइंडरने समोरासमोर दोन जागी घासायचं, पण आरपार नाही. खाली शाफ्ट आहे आणि त्यावर ओरखडा आला तर शाफ्टच बाद. कागदाएवढी जाडी उरली असं वाटलं तिथे थांबलो, छिन्नी ठेवून एक घाव घातला. टण्णकन आवाज झाला आणि कडं उकललं. बोट फिरवून पाहिलं, शाफ्ट गुळगुळीत होता.

बेअरिंग काढणं-बसवणं लेथवाल्या काकांच्या प्रेसवर. त्यांनी जुनं बेअरिंग कापून उजेडात धरलं. गोळ्यांच्या वाटेवर सारख्या अंतराने बारीक खड्डे होते. "बाहेरच्या रिंगवर हातोडा मारून बसवलंय रे हे," ते म्हणाले. शाफ्टवर बसवताना दाब आतल्या रिंगवर द्यायचा. बाहेरच्या रिंगवर दिला की तो गोळ्यांमधून जातो. नवीन बसवण्याआधी त्यांनी विचारलं, "बॅकप्लेट ओवलीस का?" ती आधी शाफ्टवर घालायची राहिली, तर नवं कडंही पुन्हा कापावं लागतं.

घरी नवीन ऑइल सील (गिअर ऑइल ब्रेककडे येऊ न देणारी रबरी रिंग) बसवलं, त्याच्या आतल्या कडेला, म्हणजे ओठाला, ग्रीस लावलं, शाफ्ट सरळ धरून आत सरकवला. तिरका गेला तर सीलचा ओठ फाटतो. लायनर नवे, तेही दोन्ही चाकांना. नव्वद नंबरचं गिअर ऑइल भरायच्या भोकातून ओघळेपर्यंत भरलं. ताई पेडल दाबत बसली आणि मी ब्रेकमधली हवा काढली.

पन्नास किलोमीटर जाऊन आल्यावर दोन्ही ड्रमना हात लावून पाहिला, सारखेच कोमट. रविवारी बाबांना घेऊन घाटात गेलो. पहिल्या डाव्या वळणाला त्यांनी काच खाली केली, कान दिला आणि परत वर केली.