मावशीचं काय झालं?

मे महिन्यात आमच्या गावात दुपारी कुत्रंही सावली सोडत नाही. कुलर घरघरत असतो आणि आई चिंचा फोडत बसते. यंदा सुट्टीत आलेल्या भाचीला हॅरी पॉटर सांगायला घेतलं. पुस्तकं माझी जुनी, इंग्रजी. वाचायचं आणि लगेच वऱ्हाडीत सांगायचं.

पहिला भाग उतारावरच्या बंडीसारखा सुटला. मावशीच्या घरी जिन्याखालच्या कपाटात निजणारं पोरगं, लाडावलेला मावसभाऊ. हॅग्रिड नावाचा धिप्पाड जादूगार छत्री रोखतो आणि त्या मावसभावाला डुकराचं शेपूट फुटतं! आईचा हात थांबला. "सखी मावशी व्हय ना थे? अन् बहिणीच्या लेकराले जिन्याखाली निजवते?" माय मरो अन् मावशी उरो, या म्हणीवर वाढलेल्या बाईला जादूपेक्षा हेच अजब वाटलं.

१९९७च्या त्या पुस्तकात सांगणारी आजीसारखी बाजेवर शेजारी बसलेली असते. कोणाला हसायचं ते तीच ठरवते. मावशी-काका नुसते सोंगं. लहानपणी मला हे कळलंच नव्हतं; मोठ्यानं वाचताना कळलं.

चौथ्या भागात वऱ्हाडी अडखळली. सुरुवातीला हॅरीच नाही. एक लंगडा म्हातारा माळी, पोलिसांनी सोडलं तरी गाव त्याला खुनीच समजतं. ओसाड बंगल्यात उजेड दिसला म्हणून काठी टेकत जातो आणि मरतो. "पोरं नाही का याच्यात?" आईनं विचारलं. सांगणारी बाजेवरून उठून गेली होती.

पाचवा तर पहिल्याच्या १७ प्रकरणांवरून ३८ वर गेलेला. कडक उन्हाळा, पिवळं पडलेलं गवत, नळीनं पाणी घालायला बंदी. (त्यांचा कडक उन्हाळा! असो.) हॅरी पानभर मोठ्या अक्षरांत ओरडतो. आपल्या लिपीत मोठी अक्षरंच नाहीत, मग मीच ओरडलो. भाची केव्हाच झोपली होती. पुढचं मी मनातच वाचलं.

आठवड्यानं आईनं विचारलं, "मंग थ्या मावशीचं काय झालं?"

सातव्या भागात ती घर सोडून निघते. दारात थबकते, हॅरीकडे बघते, काहीतरी बोलेलसं वाटतं. बोलत नाही, निघून जाते. पहिल्या पुस्तकातल्या सोंगाला असं थबकता आलंच नसतं.

मी एवढंच सांगितलं. आई जरा वेळ गप्प.

"लाजली असन," म्हणाली, आणि चिंचोके वेगळे करू लागली.