इतकं अंधारं, इतकं संथ, तरी का बघायचं?

मी पुण्यात जर्मन शिकवते. वर्ग बी-वनपर्यंत, म्हणजे भाषेच्या मधल्या पातळीपर्यंत, पोचला की विद्यार्थी काहीतरी बघायला सुचवा म्हणतात आणि मी 'डेअर पास' या मालिकेचं नाव सांगते. पंधरा दिवसांनी तेच विद्यार्थी (हल्ली त्यांचे आईबाबासुद्धा) तक्रार घेऊन येतात. मॅडम, पडद्यावर नुसता काळोख, गोष्ट पुढे सरकत नाही, बोलतात ते जर्मन आहे असं वाटतच नाही, आणि तुम्ही म्हणता चांगलं आहे? एवढ्यांदा विचारलंत म्हणून एकदा नीट उत्तर देते.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ही जर्मन-ऑस्ट्रियन गुन्हेमालिका 2019 च्या जानेवारीत जर्मनीत सुरू झाली. पहिला सीझन आठ भागांचा. बाहेरच्या देशांत ती 'पेगन पीक' या नावाने गेली. जर्मनीतलं बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातलं साल्झबुर्ग यांच्यामधल्या एका खिंडीत, बरोबर सीमेच्या दगडावर, बर्फात गोठलेला मृतदेह कुणीतरी मुद्दाम मांडून ठेवलेला सापडतो. सीमेवरच असल्यामुळे तपास दोन्हीकडच्या पोलिसांचा. जर्मन बाजूने एली श्टॉकर, उत्साही, नियमाने वागणारी. ऑस्ट्रियन बाजूने गेडेऑन विंटर, अंगावर फरचा जाड कोट आणि चेहऱ्यावर 'मला यातलं काहीही करायचं नाही' असा भाव.

कल्पना उसनी आहे, हे जाणकार प्रेक्षक लगेच म्हणतात आणि ते खरंच आहे. डेन्मार्क आणि स्वीडन यांना जोडणाऱ्या पुलावर मधोमध प्रेत सापडतं, ही 2011 ची 'ब्रोन' मालिका. तिच्या नकला इंग्लंड-फ्रान्समध्ये झाल्या, अमेरिका-मेक्सिकोमध्ये झाल्या. पण 'डेअर पास'ने तिथून सुरुवातीचं चित्र तेवढं उचललं आणि पुढे आपली वाट धरली. त्या वाटेवर ती नकलेपेक्षा वेगळी कशामुळे झाली, तर डोंगरामुळे. आणि तुमच्या बहुतेक तक्रारी मला त्या डोंगराबद्दलच्याच वाटतात.

अंधाराचं घ्या. पुण्यात वर्षातला सर्वांत लहान दिवसही अकरा तासांच्या आसपास असतो. साल्झबुर्गला डिसेंबरअखेर तो साडेआठ तासांचाही भरत नाही. त्यात दरी असेल तर सूर्य उगवूनही उपयोग नाही, कारण डोंगर आडवा. ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतात राटेनबर्ग नावाचं चिमुकलं शहर आहे, तिथे नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत ऊन पोचतच नाही. डोंगरावर आरसे बसवून ऊन खाली वळवायची योजनाही मध्यंतरी निघाली होती. अशा ठिकाणी जानेवारीत चित्रीकरण करायचं तर पडदा निळसर-राखाडीच दिसणार. भर दुपारी खिडकीशेजारी बसून मोबाइलवर बघितलंत तर अर्धी मालिका तुम्हाला दिसणारच नाही. रात्री, दिवे मालवून, टीव्हीवर बघा. माझा हा सल्ला कुणी ऐकत नाही ते सोडा.

हिमाच्छादित आल्प्स म्हणजे काय, याची आपली कल्पना हिंदी गाण्यांनी घडवली आहे. शिफॉनची साडी, पिवळं ऊन, मागे पांढरी शिखरं. यश चोप्रांनी स्वित्झर्लंड इतकं दाखवलं की 2016 मध्ये इंटरलाकेनला त्यांचा पुतळा उभारला गेला. त्या चष्म्यातून 'डेअर पास' बघायला बसलं की फसवणूक झाल्यासारखं वाटतं. आणि गंमत म्हणजे कितीतरी जर्मन प्रेक्षकांनाही तसंच वाटतं, कारण त्यांचे यश चोप्रा त्यांच्या घरातच आहेत. झेडडीएफ वाहिनीवर 2008 पासून 'डेअर बेर्गडॉक्टर' चालू आहे. तिरोलमधल्या विल्डर काइझर डोंगररांगेच्या पायथ्याशी एक देखणा डॉक्टर, त्याचं शेतघर, त्याची आई, प्रत्येक भागात एक दुर्धर रोगी, आणि खिडकीतून डोंगर. चाहते त्या डॉक्टरचा दवाखाना बघायला एल्माउ गावात सहली काढतात. म्युनिकच्या माझ्या ओळखीच्या एक आजी ती मालिका कधी चुकवत नाहीत. 'डेअर पास'बद्दल त्यांचं मत एका वाक्यात संपलं: आमच्या डोंगराची बदनामी.

मला मात्र वाटतं, जर्मन पडद्यावर डोंगर कधीच नुसता देखणा नव्हता. 1920 च्या दशकात आर्नोल्ड फांक नावाच्या दिग्दर्शकाने, जो मुळात भूगर्भशास्त्रज्ञ, पर्वतपटांचा एक प्रकारच जर्मनीत रुजवला. कॅमेरे पाठीवर घेऊन तो आणि त्याची माणसं खऱ्या वादळात, खऱ्या हिमनद्यांवर चढायची. लेनी रीफेनश्टालची पहिली मोठी भूमिका 1926 च्या त्याच्याच चित्रपटात. तीच पुढे नाझींच्या मेळाव्यांचे चित्रपट करणारी. समीक्षक झीगफ्रीड क्राकाउअर यांनी 1947 मध्ये स्पष्टच मांडलं की शिखरांच्या त्या पूजेत पुढच्या हुकूमशाहीची बीजं होती. सगळ्यांना ते पटलं नाही, वाद अजून चालू आहे. पण बव्हेरियातल्या बेर्ख्टेसगाडेन गावाच्या वर ओबरझाल्झबर्गला हिटलरचं घर होतं ही गोष्ट काही वादाची नाही. पोस्टकार्डावर छापावी अशी ती दरी त्याने आपल्या प्रचाराची पार्श्वभूमी केली होती. युद्धानंतर पन्नाशीच्या दशकात त्याच डोंगरांवर गोडगोड कौटुंबिक चित्रपटांचा पाऊस पडला. कुरणं, गाई, प्रेमप्रकरण, शेवटी लग्न. झालेलं विसरायला लोकांना तेच हवं होतं.

'डेअर पास'चे कर्ते सिरिल बॉस आणि फिलिप श्टेनर्ट हा सगळा इतिहास भाषणातून कुठेही सांगत नाहीत. ते फक्त डोंगरावरचा गोडवा काढून घेतात. त्या बर्फात माणूस मोठा दिसत नाही आणि पवित्रही होत नाही. तो हरवतो, गारठतो, सापडला तर उशिरा सापडतो. योगायोग असा की मालिका सुरू व्हायच्या जेमतेम दोन आठवडे आधी बेर्ख्टेसगाडेन जिल्ह्यात इतका बर्फ पडला की आपत्ती जाहीर झाली, वस्त्या तुटल्या, छपरांवरचा बर्फ उतरवायला सैनिक आले. तिथल्या प्रेक्षकांना बर्फाची भीती वेगळी समजावून सांगावी लागली नसणार.

मालिकेत दिसणारा तो शिंगांचा, केसाळ राक्षस तिनेच शोधून काढला का, हेही बरेचजण विचारतात. नाही, तो क्राम्पुस. 5 डिसेंबरच्या संध्याकाळी, संत निकोलाउसच्या दिवसाच्या आदल्या रात्री, आल्प्समधल्या गावांत तरुण पोरं लाकडात कोरलेले मुखवटे, बकऱ्याची शिंगं, कातडी आणि कमरेला जड घंटा बांधून फिरतात. बेर्ख्टेसगाडेनकडे तर पेंढ्यात गुंडाळलेली सोंगं निघतात. लहान मुलं खरंच घाबरतात, मोठी माणसं हातात गरम वाइन घेऊन हसतात. नाताळपासून 6 जानेवारीपर्यंतच्या बारा रात्रींत पुन्हा अशीच सोंगं, वाईट शक्तींना पळवायला. मालिकेतला खुनी हाच मुखवटा घालतो. एरवी मुखवट्याखाली गावातला कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. इथे ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून थरकाप होतो.

आता भाषेबद्दल. तुम्हाला कळत नाही यात तुमचा दोष नाही आणि माझ्या शिकवण्याचाही नाही. हांबुर्गच्या प्रेक्षकालाही बव्हेरियन बोली अवघड जाते. विंटरचं काम करणारा निकोलास ओफ्चारेक व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमधला मुरलेला नट. साल्झबुर्ग महोत्सवात उघड्यावर होणाऱ्या 'येडरमान' या नाटकातली मानाची भूमिकाही त्याने तीन उन्हाळे केली आहे. भरल्या चौकात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणारा हा माणूस मालिकेत मुद्दाम अर्धं वाक्य घशातच ठेवतो. जर्मन घरांत 'काय पुटपुटतात हे' ही तक्रार इतकी जुनी आहे की एआरडी वाहिनीने संवाद ठळक ऐकू येतील असा वेगळा आवाजाचा पर्यायच देऊ केला. समोरच्या एलीचं काम यूलिया येंच करते. 2005 मध्ये नाझींना विरोध करणाऱ्या सोफी शोल या विद्यार्थिनीच्या भूमिकेसाठी तिला बर्लिन चित्रपट महोत्सवात रौप्य अस्वल हा पुरस्कार मिळाला होता. तिचं बोलणं बऱ्यापैकी स्वच्छ आहे. शिकणाऱ्यांनी आधी तिचा हात धरावा, विंटर नंतर.

संथपणाबद्दल माझं मत तुमच्याशी अर्धंच जुळतं. खुनी कोण हे शेवटच्या बऱ्याच आधी प्रेक्षकाला कळतं, त्यामुळे 'कोण' या प्रश्नावर भूक ठेवून बसलेले लोक चिडतात. पण खरी गोष्ट त्या दोन पोलिसांची आहे: हसतमुख बाई हळूहळू विझत जाते आणि विझलेला माणूस मनाविरुद्ध जागा होत जातो. हे घाईत दाखवता आलं नसतं. मात्र जंगलातून जाणारी एकच गाडी आकाशातून दाखवायची, तीही पुन्हा पुन्हा, याला माझा विरोध आहे. उत्तर युरोपातल्या मालिकांनी लावलेली ही सवय आता मोडायला हवी. आणि तो खुनी! त्याला सगळीकडे वेळेवर पोचता येतं, त्याचं कुठलंही यंत्र कधी बिघडत नाही, त्याच्या घाटात रस्ता कधी बंद होत नाही. बर्फ बाकी सगळ्यांना अडवतो, याला सोडून. ही तक्रार एका विद्यार्थिनीने केली तेव्हा मी उत्तर द्यायचा प्रयत्नही केला नाही, कारण ती बरोबर आहे.

तेव्हा बघायची असेल तर मूळ जर्मन आवाजात बघा, जर्मन सबटायटल्स लावून. इंग्रजी डबिंगमध्ये विंटरचा निम्मा माणूस गायब होतो. पहिला सीझन स्वतंत्रपणे पुरतो, पुढचे दोन आवडले तर. दोन भाग बघूनही मन लागलं नाही तर खुशाल सोडा, परीक्षेत त्यावर काही येणार नाही. आठवी-नववीतल्या मुलांना घेऊन बसू का, असं एका पालकांनी विचारलं होतं. नका बसू. त्यांना बेर्गडॉक्टर दाखवा, त्यातलं जर्मन सोपंही आहे.