तुम्ही विचारलेत म्हणून: तो लाल-काळा साप पोवळा आहे का?

सापांवरील माझ्या व्याख्यानात शेवटी एक चित्र येते: तांबड्याभडक अंगावर काळे पट्टे असलेला एक साप. दिवे लागले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘हा पोवळा ना? म्हणजे विषारीच!’ घाईत मी ‘नाही’ एवढेच म्हणून मोकळा होतो. तुम्ही पुन्हा विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

हा अ‍ॅनिलियस स्कायटेल. लिनियसने १७५८ साली त्याला शास्त्रीय नाव दिले आणि आज त्याच्या कुळात ही एकच जात उरली आहे. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील आणि गयाना प्रदेशातील वर्षावनांत, ओल्या मातीत आणि पाचोळ्याखाली तो राहतो. लांबी साधारणपणे ७० सेंटीमीटरपर्यंत भरते. तो बिनविषारी आहे. मात्र त्याच जंगलात असेच रंग मिरवणारे खरे पोवळेही असतात आणि त्यांचे विष मज्जासंस्थेवर घाला घालते. म्हणूनच ब्राझीलमध्ये याला ‘फाल्सा कोरल’, म्हणजे खोटा पोवळा, म्हणतात. (पट्ट्यांच्या क्रमावरून विषारी साप ओळखण्याचे जे इंग्रजी यमक इंटरनेटवर फिरते, ते उत्तर अमेरिकेतील सापांपुरते आहे, दक्षिण अमेरिकेत त्यावर विसंबणे जिवावर बेतू शकते.)

मी हा साप जिवंत पाहिलेला नाही, परदेशातील एका संग्रहालयात बरणीतला पाहिला. अल्कोहोलमध्ये लाल रंग पार उडून पिवळट झाला होता, त्यामुळे नजर आपोआप रंगावरून शरीराकडे वळली. भिंगातून पाहिले तेव्हा डोळा म्हणजे एका मोठ्या पारदर्शक खवल्याखाली दबलेला काळा ठिपका निघाला. धामणीच्या पोटावर असतात तशा रुंद आडव्या पट्ट्या येथे नव्हत्या. पोटाचे खवले पाठीच्या खवल्यांहून जेमतेम मोठे होते. शेपटी आखूड व बोथट, आणि तिच्या मुळाशी, पूर्वजांच्या मागच्या पायांची खूण म्हणून, दोन बारीक नख्या. धामणीसारखा जबडा फाकवून मोठे भक्ष्य गिळणे त्याला जमत नाही. साहजिकच त्याचे जेवण त्याच्यासारखेच लांबट असते: देवगांडुळे (गांडुळासारखे दिसणारे बिनपायांचे उभयचर), बिनपायांचे बिळातले सरपटणारे प्राणी, वामासारखे मासे आणि लहान साप. मादी अंडी न घालता पिल्लांना जन्म देते.

कवटीची ठेवण पाहून जुने अभ्यासक याला आशियातील बिळवासी सापांच्या आणि सह्याद्रीतील खापरखवल्या या मातीत राहणाऱ्या सापाच्या जवळ बसवीत असत. जनुकांचा ताळा घेतल्यावर त्याचे सर्वांत जवळचे नातलग निघाले ते कॅरिबियन बेटांवरचे, अजगराची छोटी आवृत्ती वाटावेत असे साप. तेव्हा पावसाळ्यात आंबोलीच्या रस्त्यावर दिसलेल्या खापरखवल्याचा फोटो पाठवून ‘हा त्याचाच भाऊ ना?’ असे कोणी विचारले, तर तेथेही माझे उत्तर ‘नाही’ असेच राहील.