आजच्यापुरतं पीठ

माझ्या काउंटरमागं बायबलमधल्या वचनाचं कॅलेंडर टांगलेलं आहे. यंदाच्या पानावर ठळक अक्षरांत छापलंय, ‘परमेश्वरावर भाव ठेव.’ भाकरीचा भाव विचारायला आलेला माणूस ते वाचतो, मग माझ्याकडं बघतो आणि हमखास विचारतो, “ताई, तुम्ही ख्रिश्चन ना? देवावर भरवसा ठेवता म्हणजे रोज नेमकं करता तरी काय?”

नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, माझं छोटं पोळी-भाकरी केंद्र आहे. मागं दोन शेगड्या, एक काठवट, पुढं काउंटर. सकाळी रांग असते, तेव्हा मी “या कधीतरी निवांत” म्हणते आणि सुट्टे पैसे परत देते. निवांत कुणी येत नाही. पण पलीकडच्या गल्लीतले निवृत्त मास्तर चार भाकऱ्यांसाठी रोज येतात आणि हा प्रश्न त्यांनी इतक्यांदा विचारलाय की आता लिहूनच टाकते. तुम्ही विचारलंत म्हणून, मास्तर.

आम्ही घरात रोज रात्री प्रभूची प्रार्थना म्हणतो. तिच्यात एक ओळ आहे, ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’ ज्यांनी कुणी ती मराठीत आणली त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. पाव लिहिलं नाही, पोळी लिहिलं नाही, भाकर लिहिलं. लहानपणी मला वाटायचं, येशू आमच्याच पारनेर-शेवगावकडचा कुणीतरी असणार.

या ओळीतला ‘आज’ मला धंद्यात पडल्यावर कळला, तोही पिठामुळं. ज्वारीचं पीठ साठवून चालत नाही. गव्हाच्या पिठाचं तसं नाही, ते राहतं बिचारं महिनाभर. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते. मग कितीही मळा, थापायला घेतलं की कडेला चिरा पडतात आणि तव्यावर टाकताना भाकरी हातातच मोडते. आधणाचं पाणी घालून ओढून-ताणून वेळ मारून नेता येते, पण चव यायची नाही. धंदा सुरू केला तेव्हा गिरणीच्या खेपा वाचाव्यात म्हणून मी एकदम वीस किलो दळून आणलं होतं. आठ-दहा दिवसांनी त्यातलं उरलेलं शेजारच्या गाईला गेलं. तेव्हापासून दोन दिवसांचंच दळते.

त्याच सुमारास बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा सोळावा अध्याय वाचनात आला. इस्राएल लोक रानात आहेत, खायला काही नाही, आणि देव रोज सकाळी मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारं अन्न, देतो. अट एकच, त्या दिवसापुरता गोळा करायचा, माणशी एक ओमर, म्हणजे ठरलेलं एक माप. काही शहाण्यांनी उद्यासाठी राखून ठेवला तर सकाळी त्यात किडे पडले आणि घाण सुटली. ही गोष्ट मी रविवारच्या शाळेत दहा वेळा ऐकली असेल. पण त्या दिवशी ती वाचली आणि उठून डब्यातलं पीठ हुंगून आले.

तर मास्तर, पहिलं उत्तर हे. मी आजच्यापुरतं मागते. पहाटे चारला उठते, एक काठवट मळते, ती संपली की दुसरी. उद्या मेसवाल्या पोरांची सुट्टी लागेल का, ज्वारी आणखी महागेल का, ही काळजी मला नसते असं नाही. चांगली असते. माझे मालक म्हणतात, तू प्रार्थनेतसुद्धा हिशेब करतेस. खरं आहे. पण आज जे कुणी दारात येईल त्याला ताजी भाकरी द्यायची, एवढं माझ्या हातात आहे, आणि तेवढं मी देवाच्या भरवशावर करते.

‘भाकर मागण्या’वरून आम्हाला पिढ्यान् पिढ्या ऐकावं लागलं आहे, तेही सांगून टाकते. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. आमचे पणजोबा ख्रिस्ती झाले ते १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळाच्या आगंमागं. त्यामुळं “तुम्ही काय, धान्यासाठी बाटलेले” हे वाक्य शाळेत मीही ऐकलं, आईनंही ऐकलं. मी रडत घरी आले तेव्हा आजी चुलीपुढं होती. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाली, “म्हणू दे. भाकरीसाठी आलो असू तर आलो असू. ज्या गावानं पाण्याला शिवू दिलं नाही त्यानं आमच्या भाकरीचा हिशेब मागू नये. अन् बापाकडं भाकर मागायला कसली आलीय लाज?” पुढं तिनं काही समजावलं नाही, ताटात भाकरी वाढली. चर्चच्या व्यासपीठावरून भरवशाबद्दल मी पुष्कळ उपदेश ऐकले, चांगले ऐकले, पण आजीच्या या बोलण्यापुढं कुठलाच गेला नाही.

आता तुम्ही मागच्या महिन्यात पकडलंत ते. पोस्टात माझं आवर्ती ठेवीचं खातं आहे, हे तुम्हाला कळलं (पोस्टाच्या रांगेत माझ्या मागंच होतात) आणि लगेच म्हणालात, “मग भरवसा कुठं गेला?” मी तेव्हा हसले. उत्तर सुचलं नव्हतं. घरी येऊन विचार केला तर आधी बायबलमधला योसेफ आठवला. मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, सुकाळाच्या सात वर्षांत त्यानं पिकाचा पाचवा हिस्सा साठवला आणि दुष्काळात लोक जगवले. म्हणजे साठवणं हेच पाप नाही. दुसरीकडं येशूच्या दाखल्यातला तो श्रीमंत शेतकरी. त्यानं जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवलं आणि स्वतःलाच म्हणाला, खा, पी, मजा कर. त्याच रात्री त्याचं आयुष्य संपलं. दोघांनीही धान्यच साठवलं. पण त्या शेतकऱ्याच्या बोलण्यात दुसरं माणूसच नाही. सगळं माझं पीक, माझी कोठारं, माझा जीव. प्रार्थनेत मात्र ‘आमची’ भाकर आहे, ‘माझी’ नाही. माझं पोस्टाचं खातं मुलाच्या फीचं आहे, त्यामुळं मी त्याला योसेफाच्या बाजूला धरते. तुम्ही हवं तर वाद घाला. आणि योसेफाचंही सगळं गोड नाही बरं का. पुढं त्यानंच धान्याच्या बदल्यात लोकांची गुरं आणि जमिनी फारोच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, नावावर केल्या. उपदेशात तेवढा भाग सहसा येत नाही.

भरवसा ठेवून हातपाय न हलवणाऱ्यांबद्दल मला राग आहे, आणि त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या मालकांना एका प्रार्थनासभेत कुणीतरी सांगितलं, विश्वास पक्का असेल तर गोळ्यांची गरज काय? मधुमेहाच्या गोळ्या त्यांनी मला न सांगता बंद केल्या. तीन आठवड्यांनी पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली, साखर चारशेच्या वर, दवाखान्यात बारा दिवस. अंगठा वाचला. सांगणारा माणूस पुन्हा दिसला नाही, आणि दिसला असता तर मी ख्रिस्ती प्रीतीनं बोलले असते याची खात्री देत नाही.

त्या बारा दिवसांत एक उतारा मी कितीदा वाचला. सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी उभा करतो आणि म्हणतो, उडी टाक, देवदूत तुला झेलतील असं शास्त्रातच लिहिलंय. म्हणजे वचन सैतानालाही पाठ. येशू उडी टाकत नाही. देवाची परीक्षा पाहू नकोस म्हणतो, आणि पुढं कधीतरी पायऱ्यांनीच खाली आला असणार. गोळ्या बंद करणं ही शिरोभागावरची उडी होती. येशूचा प्रेषित पौल, त्याच्या सोबत्यांत ‘प्रिय वैद्य लूक’ होता. मिरजेत मिशनरी डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना काढला तो काही विश्वास कमी पडला म्हणून नाही.

पंडिता रमाबाईंचं घ्या. केडगावला, आमच्या नगरला चिकटलेल्या नव्हे, दौंडकडच्या केडगावला, त्यांनी दुष्काळातल्या शेकडो मुली-बायका आणून ठेवल्या. त्यांच्यासाठी रमाबाई प्रार्थना करत आणि विहिरीही खणून घेत. माळरानावर विहिरी, शेती, मागावर कापड, छापखाना, आणि त्यातच बायबलचं मराठी भाषांतर, जे १९२२ मध्ये त्या गेल्या तोवर चाललं. कुणी विचारलं असतं की पाणी देवानं दिलं की कुदळीनं, तर त्यांनी बहुधा प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात कुदळ दिली असती. उलट आमच्या नगरचे रेव्हरंड ना. वा. टिळक. कवी मोठे, मन त्याहून मोठं, पण हातात पैसा टिकेल तर शपथ. दारी आलेल्याला देऊन मोकळे. ते देवावर टाकून निश्चिंत व्हायचे, चूल मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनाच पेटवावी लागायची. या नवराबायकोत भरवसा कुणाचा जास्त, हा प्रश्न आमच्या स्त्रियांच्या सभेत निघाला की मी नेहमी चुलीच्या बाजूनं मत देते.

आणि आता रविवार. तुमची खरी तक्रार तीच आहे, माहितीय मला. “रविवारीच तर मटण असतं आणि तुम्ही रविवारीच बंद!” धंद्याच्या दृष्टीनं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. मालकांच्या आजारपणाचं कर्ज झालं तेव्हा मी वर्षभर रविवारी उघडं ठेवलंही होतं. एरवी दिवसाला शंभर-एकशेदहा भाकऱ्या जायच्या, रविवारी दोनशे. चर्चमधली उपासना चुकायची. संध्याकाळी घरी प्रार्थना करून भागवायचो. देवानं शिक्षा वगैरे काही केली नाही. उलट त्या वर्षी गल्ला छान जमला.

माझ्याकडं भाकऱ्या थापायला एक बाई येते. आमच्या धर्माची नाही, त्याचा इथं संबंधही नाही. हात असा की भाकरी काठवटीत गोल फिरते तेव्हा बघत राहावं, आणि मनगटांवर तव्याच्या कडेचे डाग, एकावर एक, जुने काळे, नवे लाल. एका रविवारी संध्याकाळी ती पगार न्यायला घरी आली. प्रार्थना चालू होती म्हणून चप्पल काढून दाराशीच उभी राहिली. धाकटा दहा आज्ञा वाचत होता, बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातल्या. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, पाळ, त्या दिवशी कामधाम करू नकोस, तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी… इथं तो अडखळला. आठवीतलं पोर, पण दाराकडं बघू नये एवढं त्याला कळलं. मी बघितलं. ती पदराला हात पुसत होती. पुढचं वाक्य असं की तुझ्याप्रमाणे त्यांनाही विसावा मिळावा. ते त्यानं भरभर वाचून टाकलं.

वर्षभर मी माझी उपासना चुकते म्हणून हळहळत होते. तिचा रविवार माझ्या डोक्यातही आला नव्हता. तिला दोन मुलं आहेत, शाळेची. बावन्न रविवार.

पुढच्या आठवड्यापासून रविवार बंद केला, तिचा पगार न कापता. मालकांनी कागदावर आकडे मांडले. आठवड्याच्या कमाईची जवळजवळ चौथाई जात होती. देवानं ती चौथाई दुसरीकडून भरून दिली, असं चर्चमध्ये साक्षीला उभं राहून सांगायला छान वाटलं असतं. भरून दिली नाही. कर्ज आठ महिने उशिरा फिटलं. काही गिऱ्हाईकं कायमची दुसरीकडं गेली, ती अजून आलेली नाहीत. मी शनिवारी रात्री शेगड्या पुसते, काठवट उलटी घालते आणि दर शनिवारी मनात येतं, उद्याच्या दोनशे भाकऱ्या. दर शनिवारी येतं, मास्तर. मग दिवा बंद करते.

तुम्ही विचारता ना, नेमकं करता काय, तर तो दिवा बंद करते.

रविवारी काय करायचं म्हणून तुम्ही अडून बसलात तेव्हा मीच म्हणाले, पीठ दळून आणा, घरी थापा, काकूंचे हात दुखतात तर तुम्ही शिका. परवा सोमवारी तुम्ही पेपरात गुंडाळून तुमची पहिली भाकरी दाखवायला आणलीत. चारी बाजूंनी चिरलेली, मधून दोन तुकडे. थापणाऱ्या बाईनं ती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि विचारलं, “मास्तर, पीठ कधीचं?”

तुम्ही म्हणालात, “महिना झाला असेल. एकदाच दळून ठेवलं, सारखं कोण जाणार गिरणीत.”