एक्स्टेंडेडची वही: 'रिटर्न ऑफ द किंग'पर्यंत मजल

मागच्या नोंदीत आमची गाडी पहिल्याच भागात, मोरियाच्या खाणीत अडकली होती. शाळा-कॉलेजांना सुट्ट्या लागल्या, मंडळी मोकळी झाली आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही भाग एकदाचे दोन्ही रूपांत बघून झाले. पद्धत तीच: आधी थेटरातली आवृत्ती, पुढच्या बैठकीला तोच भाग एक्स्टेंडेडमध्ये, म्हणजे डिस्कवर आलेल्या लांबवलेल्या आवृत्तीत. वहीत डावीकडे प्रसंग, मधे 'नवा', 'लांबवलेला' की 'जागा बदललेला', आणि उजवीकडे खोलीत कोण काय बोललं ते. उजवा रकाना समासाबाहेर गेलाय.

नव्यानं आलेल्यांसाठी हिशेब पुन्हा एकदा देतो. 'फेलोशिप' १७८ मिनिटांची २०८ झाली, 'टू टॉवर्स' १७९ ची २२३ आणि 'रिटर्न' २०१ ची २५१. यात शेवटी येणारी फॅन क्लबच्या सभासदांची नावं धरलेली नाहीत. ती यादी एकट्या 'फेलोशिप'वर वीसेक मिनिटं चालते. आमच्यातला एक जण ती नेमानं वाचतो, एखादा वानखेडे किंवा देशमुख सापडतो का म्हणून. अजून सापडलेला नाही.

यंत्रसामग्रीचं थोडक्यात सांगतो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, घरी सिनेमा दाखवायचा म्हणजे सौरॉन या मुख्य शत्रूच्या आधी कूलरशी लढाई. या सिनेमातली अर्धी महत्त्वाची माणसं कुजबुजत बोलतात आणि आमचा कूलर ट्रॅक्टरच्या आवाजात चालतो. शेवटी कूलर शेजारच्या खोलीच्या खिडकीत नेला, मधलं दार उघडं ठेवलं, समोरचा मधला स्पीकर खुर्चीवर चढवला आणि सबटायटल कायमचे सुरू केले. गारवा निम्मा झाला, पण एल्फांची राणी गलाद्रिएल ऐकू यायला लागली. वहिनीचं मत विचारलं तर ती म्हणाली, "तिचं बोलणं वाचून घेतलं असतं मी, हवा कशाला घालवली?"

डिस्कचं म्हणाल तर आमच्याकडे तीन पिढ्या जमल्यात: जुन्या डीव्हीडी, २०११ ची ब्लू-रे आणि २०२० ची फोर-के. डीव्हीडीबद्दल एक गैरसमज इथं मिटवून टाकतो, कारण आमच्या नागपुरातल्या इतवारीच्या मित्रानं तो वर्षानुवर्षं सांभाळला होता. आपल्याकडच्या पाल पद्धतीत चित्र सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेमनं धावतं. म्हणून २०८ मिनिटांची 'फेलोशिप' तिथं २०० मिनिटांत आटोपते. कुणी आठ मिनिटं कापलेली नाहीत, सगळेच जरा घाईत आहेत इतकंच. २०११ च्या ब्लू-रेवर 'फेलोशिप'ला चढलेली हिरवट झाक मात्र खरी आहे. काराध्रास डोंगरावरच्या बर्फाचा प्रसंग लावा आणि शेजारी पांढरा कागद धरा, लगेच कळेल. जगभरच्या चाहत्यांनी तेव्हा यावर रान उठवलं होतं. फोर-केमध्ये रंग नव्यानं बसवले आणि तो हिरवेपणा गेला, पण तिथं दुसरी तक्रार सुरू झाली: फिल्मचा दाणा पुसल्यामुळे चेहरे गुळगुळीत दिसतात. पुतणीला गुळगुळीत आवडतात, मला नाही. वहीत दोन्ही लिहिलंय.

आता मुख्य माल.

'फेलोशिप'मध्ये भांडण जवळपास झालंच नाही. हॉबिटांची, म्हणजे नायक फ्रोडोच्या बुटक्या लोकांची, लांबवलेली ओळख सगळ्यांनी सुखानं बघितली. गलाद्रिएलच्या लोथलोरियन जंगलात निरोपाच्या भेटी वाटतात तो प्रसंग सुरू झाला तेव्हा आमचे मास्तर सावरून बसले. मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक, ज्यांना टॉल्किनची मूळ पुस्तकं जवळपास पाठ आहेत. गिम्ली या बुटक्यानं गलाद्रिएलकडे तिचा एक केस मागितला आणि तिनं तीन दिले, यावर त्यांनी डिस्क थांबवायला लावून फेआनोर या जुन्या काळच्या एल्फाची अख्खी कथा सांगितली. त्यानं तीनदा मागितला आणि त्याला एकही मिळाला नव्हता. ही पार्श्वभूमी पडद्यावर कुठंच नाही, तरी गोष्ट ऐकल्यावर गिम्लीचा चेहरा वेगळा दिसतो. पुतणीला त्याच प्रसंगातून भलतंच सापडलं: फ्रोडोचा सोबती सॅम याला इथं एल्फांचा दोर मिळतो. पुढच्या भागात अंगठीच्या मागं लागलेल्या गोलमला बांधतात तो दोर आला कुठून, हे थेटरात बघणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पहिली डिस्क एलरॉन्डच्या सभेनंतर, सौरॉनची अंगठी नष्ट करायला निघणारी नऊ जणांची टोळी ठरल्यावर संपते. डिस्क बदलायची, पोहे संपवायचे, पाय मोकळे करायचे. इतकं नेमकं मध्यंतर थेटरातसुद्धा मिळत नाही.

याच ठिकाणी वडशाहून, म्हणजे झाडीपट्टीच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांच्या मुलखातून आलेल्या आतेभावानं घड्याळ पाहिलं. त्यानं यातलं काहीच आधी बघितलेलं नव्हतं. मी म्हटलं, कंटाळला असशील तर झोप. तर म्हणे, "काऊन झोपू? आमच्या तिकडं रात्री दहाला नाटक उभं राहते ते उजाडेपर्यंत चालते. मधात लावणी होते, गाणे होते, कॉमेडी होते, कोणी उठून नाही जात. हे तं साडेतीनच घंटे हाय." झाडीपट्टीच्या माणसाला लांबीची भीती घालू नये. पण तो पुढं जे बोलला ते मी रकान्यात अधोरेखित केलंय: "नाटक लंबं असलं तं चालते. पण पुढचं आधीच सांगून टाकलं तं मंग मजा नाही राहत." हे त्यानं सहज म्हटलं होतं. तिसऱ्या भागात ते तंतोतंत लागू पडलं.

'टू टॉवर्स'मध्ये सगळा जीव फारामिरवर, म्हणजे नऊ जणांतल्या बोरोमिरच्या धाकट्या भावावर. मास्तरांचा राग जुना आहे: पुस्तकातला फारामिर अंगठीच्या मोहात पडत नाही, फ्रोडोला सोडून देतो. सिनेमातला त्याला ओस्गिलियाथ या पडक्या शहरापर्यंत फरपटत नेतो. थेटरातली आवृत्ती संपली तेव्हा खोलीत सगळ्यांनी त्याला नालायक ठरवलं होतं. एक्स्टेंडेडमध्ये एकच आठवण जोडलीये. ओस्गिलियाथ जिंकलंय, बोरोमिर लोकांत मिरवतोय, दोघे भाऊ हसताहेत, आणि मग बाप डेनेथोर येतो. एका मुलाला डोक्यावर घेतो, दुसऱ्याला सगळ्यांदेखत खाली बसवतो. आणि रिव्हेंडेलला, एलरॉन्डच्या सभेला, जायची कामगिरी थोरल्याच्या गळ्यात मारतो. वहिनी म्हणाली, "असे बाप आपल्याकडं घरोघरी हायेत." त्यानंतर फारामिर फ्रोडोला घेऊन निघाला तेव्हा कुणी शिवी दिली नाही. मास्तर अजून मानत नाहीत की हा टॉल्किनचा फारामिर आहे. पण हा माणूस असं का वागतो ते कळलं, एवढं त्यांनी कबूल केलं. मास्तरांकडून एवढं मिळणं म्हणजे पुष्कळ झालं.

रोहनचा राजपुत्र थिओड्रेड याचा अंत्यविधी आणि त्याची चुलतबहीण एओविननं गायलेलं शोकगीत यावर सगळे गप्प, म्हणून रकाना कोरा. त्याची भरपाई एओविनच्या रश्श्यानं केली. ती ॲरागॉर्नला, म्हणजे गोंडोरच्या गादीच्या वारसाला, वाटी आणून देते, तो एक घास खातो आणि ओतून टाकायची संधी शोधतो. सावजी खाणाऱ्या गावात या प्रसंगाला जो प्रतिसाद मिळाला तो इथं छापता येणार नाही. पण त्याच संभाषणात ॲरागॉर्नचं वय ८७ असल्याचं बाहेर पडतं आणि आतेभाऊ ताडकन उठून बसला. हे त्याला थेटरातल्या आवृत्तीत कुणी सांगितलं नव्हतं. "सत्त्याऐंशी? अन् घोड्यावर?"

हेल्म्स डीप किल्ल्याच्या लढाईशेजारी एक वेगळी नोंद आहे. चाल करून आलेल्या उरुक-हाय सैन्याचा तो गुरगुराट वेलिंग्टनच्या स्टेडियममध्ये क्रिकेट सामन्याच्या मध्यंतरात ध्वनिमुद्रित केलाय. दिग्दर्शक पीटर जॅक्सननं मैदानात उतरून २५ हजार प्रेक्षकांकडून सौरॉनच्या 'काळ्या भाषे'तल्या घोषणा म्हणून घेतल्या. हे सांगितल्यावर लढाई मागं नेऊन पुन्हा ऐकावी लागली. जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमला सामने बघणारे दोघे आहेत आमच्यात. त्यांचं म्हणणं, आपल्या गर्दीला चित्रपटाच्या आधीच सराव आहे.

आणि 'रिटर्न'.

सारुमान या फितूर जादूगारापासून सुरू करतो, कारण २००३ च्या डिसेंबरात त्याच्यावरूनच पेटलं होतं. दोन भाग ज्या खलनायकाशी लढलो, तो थेटरातल्या तिसऱ्या भागात दिसतच नाही. मनोऱ्यात कोंडलाय, राहू द्या, झालं. त्याची भूमिका करणारे क्रिस्टोफर ली इतके दुखावले की प्रीमियरला गेलेच नाहीत. एक वर्षानं, २००४ च्या डिसेंबरात एक्स्टेंडेड आली तेव्हा तो प्रसंग परत मिळाला: ऑर्थँक या त्याच्या मनोऱ्याच्या माथ्यावर सारुमान, त्याला भोसकणारा त्याचा चाकर ग्रिमा, ग्रिमाला लागलेला लेगोलास या एल्फाचा बाण आणि खाली चाकावर पडलेला देह. मास्तरांची टिप्पणी अशी की पुस्तकात हे सगळं शायरमध्ये, हॉबिटांच्या गावी घडतं, पण हात ग्रिमाचाच आहे, म्हणून चालेल. मला स्वतःला यातली एक कारागिरी फार आवडली. सारुमानच्या हातून पालान्तिर, म्हणजे दूरचं दाखवणारा गोळा, खाली पडतो आणि म्हणून तो पिप्पिन या हॉबिटाला पाण्यात सापडतो. थेटरात तो गोळा तिथं नुसताच पडलेला होता. आणि सांधा कुठंही जाणवत नाही, कारण वाढवलेल्या प्रसंगांसाठी संगीतकार हॉवर्ड शोअर यांनी लंडन फिलहार्मोनिककडून संगीत नव्यानं वाजवून घेतलं. हेडफोन लावून मी हे सांधे शोधत बसलो होतो. या भागात एकही पकडता आला नाही.

जखमी एओविन आणि फारामिर भेटतात तो उपचारगृहाचा प्रसंगही सगळ्यांना पटला. त्याशिवाय राज्याभिषेकाच्या वेळी एओविन आणि फारामिर शेजारी शेजारी का उभे आहेत, याचा पत्ता लागत नाही.

आता वाईट. आतेभावाचं वाक्य आठवा. ॲरागॉर्न मेलेल्यांच्या भुताटकी सैन्याकडे मदत मागतो, पण थेटरातल्या आवृत्तीत त्यानं हो म्हटलं की नाही हे आपल्याला कळतच नाही. पेलेनोरच्या रणमैदानावर सगळं संपत आलंय, शत्रूच्या चाच्यांची काळ्या शिडांची जहाजं धक्क्याला लागतात, सौरॉनचे ऑर्क सैनिक त्यांना आपलेच समजून ओरडतात आणि वरून ॲरागॉर्न उडी मारतो. त्या उडीला आमच्या खोलीत शिट्ट्या पडल्या. एक्स्टेंडेडमध्ये कवट्यांचा लोंढा येतो, ॲरागॉर्न गुडघ्यावर बसतो, मृतांचा राजा बाहेर येऊन लढायला तयार होतो आणि जहाजं ताब्यात घेतलेलीही दिसतात. तिथं लेगोलासच्या बाणानं जॅक्सन स्वतः पडतो, ती गंमत बरी आहे. पण पुढं उडी आली तेव्हा शिट्टी एकही नाही. आतेभाऊ फक्त माझ्याकडे बघून हसला.

बाकीचे दोन प्रसंग चाहत्यांमध्ये आजही भांडणं लावतात आणि आमच्यातही लावली. पहिला: अँगमारचा राजा, म्हणजे सौरॉनचा सेनापती, जादूगार गँडाल्फची काठी मोडतो. पुस्तकात शहराच्या फाटकापाशी दोघे समोरासमोर येतात, तेवढ्यात कोंबडा आरवतो, मदतीला आलेल्या रोहनच्या घोडदळाची शिंगं वाजतात आणि तो निघून जातो. काठी बिठी काही मोडत नाही. मास्तर यावर उभे राहून बोलले. पुतणीचं म्हणणं, गँडाल्फ हरू शकतो हे दिसल्याशिवाय त्या राजाला मारणाऱ्या एओविननं काय मारलं ते कळणार कसं? मुद्दा चांगला आहे, पण मी मास्तरांच्या बाजूनं आहे. बॅलरॉग या आगीच्या राक्षसासमोर उभा ठाकलेला माणूस इतक्या स्वस्तात घोड्यावरून पडू नये.

दुसरा: सौरॉनच्या मुलखाच्या काळ्या फाटकाशी त्याचा दूत येतो, फ्रोडोचा चिलखती सदरा दाखवून छळतो आणि ॲरागॉर्न बोलता बोलता त्याचं मुंडकं उडवतो. इथं मात्र सगळे एका सुरात. सगळ्यात आधी वहिनी बोलली: "दूताला मारत नसतात. विभीषणानं सांगितल्यावर रावणानंसुद्धा ऐकलं होतं, शेपटीवर भागवलं." लंकेत जे पाळलं गेलं ते गोंडोरच्या राजाला पाळता येऊ नये, याचा सगळ्यांनाच राग आला. ज्याच्या डोक्यावर आता मुकुट ठेवायचाय तोच इतका हलका वागतो, हे जोडून सिनेमाचं काय भलं झालं ते मला कळलेलं नाही. जॅक्सननं थेटरातल्या आवृत्तीलाच आपली दिग्दर्शकाची आवृत्ती म्हटलंय. या प्रसंगापुरतं मी त्याला मनापासून मानतो.

म्हणून वहीत आता चौथा रकाना आखलाय: 'कारण देतो' की 'पुढचं फोडतो'. ओस्गिलियाथ, सारुमान, उपचारगृह, सॅमचा दोर एका बाजूला, जहाजं दुसऱ्या बाजूला. दूत आणि काठी दोन्हींत बसत नाहीत, त्यांच्यासाठी समासात चौकट केलीये. ज्यांच्याकडे डिस्क आहेत त्यांनी आपापल्या बैठकीत हे करून बघावं. थेटरातली आवृत्ती आधी आणि लांब नंतर, असाच क्रम ठेवा. उलट केलं तर जहाजांचा निकाल लागणारच नाही.

पुढं अपेंडिसेस, म्हणजे सिनेमा कसा घडला ते दाखवणाऱ्या डिस्क, लावायच्यात. इतवारीच्या मित्राचं हार्डवेअरचं दुकान आहे. सिनेमातली कड्यांची चिलखतं प्लॅस्टिकच्या पाइपाच्या चकत्या कापून, एकेक कडी हातानं जोडून केलीत हे कळल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नाही. दुकानातल्या उरल्यासुरल्या पीव्हीसीवर त्यानं करवत चालवायला घेतलीये. हातभर पट्टी झाली की फोटो टाकतो.

दिवाळीत तिन्ही एक्स्टेंडेड सलग लावायचा बेत आहे. एकूण ६८२ मिनिटं, म्हणजे ११ तास २२ मिनिटं, जेवणं वेगळी. आतेभावाला एका रात्रीत हवंय, बाकीच्यांना सकाळी सुरुवात हवीये. नियमावरून बरीच वादावादी झाली. ठरलं ते असं: कुठलाही प्रसंग पुढं ढकलायचा नाही, पण काठी मोडायची वेळ आली की मास्तरांना चहा टाकायला आत जाता येईल.