गच्चीवरच्या सळया

मे 2024 मधली गोष्ट. सकाळी साडेसातलाच औसा रोडच्या त्या जुन्या वसाहतीत पोचलो, तरी शर्ट पाठीला चिकटला होता. पिशवीत नेहमीचं सामान: तीस मीटरचा टेप, हातोडी, छिन्नी, सळईची जाडी मोजायचा व्हर्नियर, काँक्रीटची ताकद अजमावायचा रिबाउंड हॅमर, मोजमापाची वही. शिवाय जिल्हा ग्राहक आयोगाचं पत्र. त्यात मला कमिशनर नेमलं होतं. काम एवढंच की झालेल्या बांधकामाची मोजमापं घ्यायची, त्याची किंमत काढायची, दर्जाबद्दल मत द्यायचं आणि अहवाल आयोगापुढं ठेवायचा.

लातुरात वीस वर्षं हेच करतोय. बँकांची व्हॅल्युएशन असतात, वाटणीची भांडणं असतात, अधूनमधून असला अर्धवट बांधकामाचा वाद. खरं सांगायचं तर कागद वाचूनच माझं अर्धं मत झालेलं असतं. इथंही झालं होतं. गुत्तेदार पैसे उचलून पळाला, दुसरं काय!

कागदावर प्रकरण सरळ होतं. काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. घर 1996 चं, तळमजला. डिसेंबर 2021 मध्ये शंभराच्या बाँडवर करार: मागं नवं स्वयंपाकघर, वर जायला जिना आणि गच्चीवर मोठी खोली, पुढं बाल्कनी. एकूण 520 चौरस फूट, मालासकट पंधराशेचा दर, म्हणजे सात लाख ऐंशी हजार. काकांनी चार लाख वीस हजार दिले. एप्रिल 2022 च्या मध्याला काम थांबलं ते थांबलंच. त्यानंतर गुत्तेदार फोन उचलेना. तक्रार काकांनी स्वतःच लिहून टाकली होती, वकील न लावता. पाच लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याच्या तक्रारीला फी लागत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गुत्तेदाराचं उत्तर मात्र वकिलाकडून आलेलं, ठरीव साच्याचं. मालकानं वारंवार बदल सुचवले, हप्ते वेळेवर दिले नाहीत, सळईचे भाव वाढले. शेवटचं तरी खोटं नव्हतं. त्या मार्च-एप्रिलात सळई अशी भडकली होती की माझ्या ओळखीतल्या दोघातिघांनी हातातली कामं सोडली होती. म्हणून मीही तेच कारण धरून चाललो होतो.

काकांनी आधी वही दाखवली. कंडक्टरचा माणूस, वेबिल लिहिल्यासारखी वही. तारीख, रक्कम, नोटा किती रुपयांच्या, समोर सही. एका पानावर लिहिलं होतं, '14 सिमेंट गोण्या आल्या, 2 फाटक्या.' असला तक्रारदार असला की माझं निम्मं काम हलकं होतं.

गुत्तेदार आठला आला. पस्तिशीचा, चाकूर तालुक्यातला, सेंट्रिंगच्या कामावर बिगारी म्हणून सुरुवात केलेला. मोटारसायकल लांबच लावली. आत येताना "मामा, नमस्कार" म्हणाला. काकांनी तोंड फिरवलं. काकूंनी मात्र त्यालाही पाण्याचा तांब्या दिला.

मागच्या खोलीपासून सुरुवात केली. चार कॉलम, बीम, स्लॅब, विटकाम झालेलं. गिलावा नाही, फरशी नाही. जिना मधल्या लँडिंगपर्यंत आलेला, पुढं सळया हवेत. कोपऱ्यात त्या चौदा गोण्या भिंतीला टेकून दगड झाल्या होत्या. वरच्या गोणीवर मांजरानं पिलं घातली होती. व्हर्नियर लावून सळया मोजल्या. कॉलमला बारा मिलिमीटरच्या सहा, रिंगा सहा इंचांवर. जिथं बीमच्या सळईवरचं काँक्रीटचं कव्हर थोडं उघडं होतं तिथं पाहिलं, ते कव्हर राखायला लावतात ते कव्हर ब्लॉकही होते. रिबाउंड हॅमरचे आकडे घेतले, बरे आले. स्लॅबच्या कडेला आळ्यांच्या मातीचे डाग अजून दिसत होते. एप्रिलच्या लातुरात, जिथं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, तिथं ह्यानं स्लॅबवर मातीची आळी करून काँक्रीट मुरायला पाणी धरलं होतं. पळून जायचं असलेला माणूस इतकं कशाला करील? ते तेव्हाच खटकलं, पण वहीत खटकण्याचा रकाना नसतो.

मग शिडी लावून गच्चीवर गेलो.

गच्चीच्या चार कोपऱ्यांत कठड्यातून सळया वर काढून ठेवलेल्या, प्रत्येक कोपऱ्यात चार. मराठवाड्यात एकही गाव नसेल जिथं अशा सळया दिसत नाहीत. पुढं-मागं मजला चढवायचा असतो ना! त्यांना दोऱ्या बांधलेल्या, दोऱ्यांवर काकूंचं धुणं. एका बाजूला जुन्या साडीवर ज्वारीच्या पापड्या वाळत होत्या. सळया गंजलेल्या, पण मला वेगळंच दिसलं. सगळ्या आतल्या बाजूला झुकल्या होत्या, धुण्याच्या ओढीनं. आणि बुडाशी गिलाव्याला गोल चीर.

कॉलममधून आलेली बाराची सळई ओल्या लुगड्यानं वाकते का? एक धरून हलवली. हलली. पडायला आलेल्या दाताला जीभ लागावी तशी.

मी वळून गुत्तेदाराकडं पाहिलं. तो शिडीच्या वरच्या पायरीवरच थांबला होता.

"काय आहे हे?"

"साहेब, तुम्हीच बघा की," तो म्हणाला. "मी बोललो तर मामाला वाटंल, आता नवीन कारण सांगायलाय."

खाली येऊन पुढच्या कोपऱ्यातला कॉलम हातोडीनं ठोकला. बाहेरून तो कॉलमच होता: भिंतीच्या दोन इंच पुढं आलेला, गिलाव्यात दोन्हीकडं खाचा मारलेल्या, वरून निळा रंग. मागच्या नव्या खोलीच्या कॉलमवर ठोकलं की टण आवाज येत होता. इथं भद्द. चार ठिकाणी ठोकलं, चारही वेळा भद्द.

छिन्नी लावून गिलावा काढणं, पाया उकरणं हे आयोगाच्या आदेशात नव्हतं. म्हणून तिथंच कागद काढला, दोन्ही पक्षांची लेखी संमती घेतली. गुत्तेदाराच्या वकिलाला फोन लावला. ते कोर्टात होते, अर्ध्या तासानं "हरकत नाही" म्हणाले. काकांनी सही करताना विचारलं, "साहेब, हिशोब मागच्या खोलीचा हाय. पुढचा कोपरा कशाला उकरायलाव?" मी म्हटलं, वरची खोली कशावर उभी राहणार होती ते पाहायचंय. ते हसले. "कॉलमवर की. भूकंपानंतरचं घर हाय माझं."

हे वाक्य इकडं वेगळ्या अर्थानं बोलतात. 30 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मणामणाची माती पेललेली माळवदं. हजारो माणसं झोपेतच गाडली गेली. त्या आधीच्या भूकंप-नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, 2002 मध्ये तो जास्त धोक्याच्या तिसऱ्या पट्ट्यात गेला. पण लोकांनी काही नकाशाची वाट पाहिली नाही. भूकंपानंतरच्या पाच-सहा वर्षांत ज्यानं घर बांधलं त्यानं गवंड्याला एकच सांगितलं: कॉलमचं पाहिजे. कॉलम म्हणजे नेमकं काय, हे सांगणाऱ्यालाही नीट ठाऊक नव्हतं आणि पुष्कळदा ऐकणाऱ्यालाही.

बिगारी लावून कोपऱ्याला तीन फूट लांब-रुंद खड्डा घेतला. काळी माती, मे महिन्यात भेगाळून दगडासारखी. कुदळ उसळत होती. वर मी छिन्नीनं गिलावा काढला. आत विटा, एकावर एक, सांधे मोडून नीट रचलेल्या. गवंड्याचा हात चांगला होता, खोटं का बोला. फक्त काँक्रीट नव्हतं, सळई नव्हती. विटेचा खांब करून त्याला कॉलमचं सोंग दिलं होतं. साडेतीन फुटांवर पायाही संपला. खाली पुन्हा काळी मातीच. मुरूम लागला साडेपाच फुटांवर. पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात आक्रसणाऱ्या मातीत हे घर अठ्ठावीस वर्षं तरंगत होतं.

खड्ड्याच्या काठावर आम्ही चौघं. काही वेळ कोणीच बोललं नाही.

मग गुत्तेदार बोलला, खड्ड्याकडं बघतच. वरच्या खोलीसाठी जुन्या सळयांना नव्या जोडायच्या म्हणून त्यानं मागच्या कोपऱ्यातला कठडा फोडला, तर सळई हातात आली. "मुळा उपटल्यावानी, साहेब. फूटभर बी नव्हती आत. दुसरी वडली, ती बी आली." त्यानं त्या परत खोचल्या, वरून सिमेंट लावलं आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी आलाच नाही.

"मला का नाही सांगितलास?" काका.

"कसं सांगू मामा? नवे कॉलम खालून घ्यायचे म्हणले तर तीन लाख वाढत होते. तुम्ही म्हणला असता, काम सोड, पैसे दे. पैसे होते कुठं?"

पैसे दुसऱ्या साइटवर गेले होते. याची टोपी त्याच्या डोक्यावर. ह्या धंद्यात सगळे तेच करतात आणि एक साइट अडकली की सगळी रांग कोसळते. मी त्याला विचारलं, हे आयोगापुढच्या उत्तरात का नाही आलं? म्हणाला, वकील साहेबांना सांगितलो होतो. ते म्हणले, हे लिहिलास तर काम धरायच्या आधी का बघितला नाहीस, असं विचारतील.

वकिलाचं बरोबर होतं. मीही तेच विचारलं.

"हाव. बघितलो नाही. वरून सळया दिसल्या, धरलो काम."

सळया बघून काम धरलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी काकांनी सळया बघून घर ताब्यात घेतलं होतं. तेव्हा ते मुक्कामी गाड्यांवर असायचे, आठवड्यातून दोन दिवस घरी. काकू पदर सावरत म्हणाल्या, "तवा कामावर मोठे भाऊजी हुते..." काकांनी नुसतं त्यांच्याकडं पाहिलं. त्या आत गेल्या. भाऊजींचा विषय पुन्हा निघाला नाही, मीही काढला नाही.

काका विटांच्या ढिगावर बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "दोन वर्षांमागं हासोरीत जमिनीतून आवाज यायले होते, आठवतंय का साहेब? तिकडची पाहुणी लेकरंबाळं घेऊन आमच्याकडं आली. पंधरा दिवस राहिली. म्हणली, तुमचं घर कॉलमचं."

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. दाराच्या वरचा गिलावा थोडा काढून पाहिला. तिथं मात्र भिंती एकत्र बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा निघाला, खरा, दोन सळयांचा. आणखी तीन ठिकाणी पाहिलं, चारही भिंतींवर फिरलेला. म्हणजे त्या गवंड्यानं भूकंपाचं शिक्षण अर्धं का होईना मनावर घेतलं होतं. पैसे कॉलमचे घेतले, पण पट्टा फुकट दिला म्हणा. काकांना सांगितलं, असा पट्टा असलेलं एकमजली घर बिनपट्ट्याच्या भिंतींपेक्षा कितीतरी बरं. रात्री झोपायला हरकत नाही, फक्त वर काही चढवू नका. पावसाचं पाणी पायापाशी मुरू देऊ नका, भोवती फरशीचा उतार करून घ्या. त्यांनी वही उघडून हे लिहून घेतलं, तारखेसकट.

अहवाल आठ दिवसांत दिला. सळईच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, हे मीटरमागचं किलोत वजन. त्या हिशोबानं सळई धरली, ब्रासनं खडी-वाळू धरली. मागची खोली एक लाख ब्याऐंशी हजार, जिना चोपन्न हजार. झालेलं काम दोन लाख छत्तीस हजारांचं, दिलेले पैसे चार लाख वीस. फरक एक लाख चौऱ्याऐंशी हजार, तो गुत्तेदाराकडं निघतो. जुन्या पायाचं वेगळं परिशिष्ट जोडलं, फोटोंसकट. त्यात एवढंच लिहिलं की वरची खोली करारात होती तशी बांधणं शक्य नव्हतं. आता कोणी कोणाला केव्हा काय सांगायला हवं होतं, ते लिहायला कमिशनरला कोणी सांगत नाही.

पुढं आयोगानं दोघांच्या संमतीनं मध्यस्थीला पाठवलं आणि दुसऱ्याच बैठकीत मिटलं. गुत्तेदारानं एक लाख वीस हजार सहा हप्त्यांत द्यायचे आणि उरलेल्या चौसष्ट हजारांत स्वयंपाकघराचा गिलावा, फरशी करून जिना गच्चीपर्यंत न्यायचा. वरची खोली रद्द. हप्त्यांची सही अर्थात त्याच वहीत.

दिवाळीनंतर त्या बाजूला गेलो होतो, सहज डोकावलो. जिना पुरा झाला होता, आता शिडी लागत नव्हती. गुत्तेदार ग्राइंडर घेऊन गच्चीवर उभा. काकांनीच बोलावलं होतं, त्या सळया कापून टाक म्हणून. दिसल्या की डोकं फिरतं म्हणे. एक कोपरा कापून झाला होता. दुसऱ्यापाशी काकू ओल्या कपड्यांची बादली घेऊन उभ्या होत्या, सरकायला तयार नव्हत्या.

"कापा की," काका खालून ओरडले.

"आन् दोरी कुठं बांधू?"

गुत्तेदारानं ग्राइंडर बंद केला आणि माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, तीन कोपरे राहू दे.